न मोजलेल्या चार खुंट्या

तो कोणाशी हात मिळवत नसे. समोरच्यानं हात पुढे केला की हा त्याचा अंगठा धरायचा, दोन बोटांत दाबून पाहायचा आणि मग जय भीम म्हणायचा. एकदा फॅक्टरीत दिल्लीहून कोणी मोठे अधिकारी आले होते. रांगेत उभ्या असलेल्या आम्हा सगळ्यांशी ते हात मिळवत चालले होते. ह्याच्यापाशी पोचले तर ह्यानं त्यांचा अंगठा दाबला आणि म्हणाला, "ढीला है साब." अधिकारी खो खो हसले आणि त्याला आपल्याबरोबर चहाला घेऊन गेले. मी तसं केलं असतं तर संध्याकाळच्या आत माझ्या हातात मेमो पडला असता.

मला त्याच्याबद्दल आयुष्यभर जे वाटत आलं ते सगळं त्या चहात आहे. आम्ही दोघं एकाच दिवशी टूल रूममध्ये भरती झालो, एकाच बाकावर. दोघांचेही बाप विदर्भातून नोकरीपायी जबलपूरला आलेले. पुढे नागपूर महाराष्ट्रात गेलं, आम्ही मध्य प्रदेशातच राहिलो. मी परीक्षा दिल्या, इन्स्पेक्टर झालो. तो बाकावरच राहिला. बढती मला मिळाली आणि माणसं त्याला. सुटीच्या दिवशी त्याच्या क्वार्टरपुढे सायकली लागलेल्या असायच्या. माझ्या दारात पेपरवाल्याखेरीज कोणी थांबत नसे.

त्याच्या डाव्या खिशात खडू असायचा आणि उजव्या खिशात कपडे धुण्याच्या साबणाचा तुकडा. दोन्ही खुंट्यांसाठी. वाद्याची लाकडी खुंटी निमुळत्या भोकात बसते. तिला ना चाक, ना स्क्रू. लाकूड लाकडाला घासून धरतं, तेवढाच काय तो तारेला आधार. खुंटी घसरायला लागली तर खडू लावायचा, अडकली तर साबण. "धरलं पाहिजे अन् सुटलंही पाहिजे," असं तो म्हणायचा. खुंटीबद्दल म्हणायचा तोवर ठीक होतं. पण लग्नात नवरानवरीला हेच, कोणी रिटायर झालं की भाषणात हेच, आणि माझ्या वडिलांना पोचवून परतताना माझ्या खांद्यावर हात ठेवूनही हेच. लोक माना डोलवायचे. मला त्या वाक्याचा वीट आला होता. खरं म्हणजे ते आपल्याला सुचलं नाही ह्याचा जास्त राग होता.

त्याचा एक कान लहानपणीच फुटला होता आणि दुसऱ्यालाही बेताचंच ऐकू यायचं. तरी गावातल्या भजनी मंडळांचे तंबोरे, विहारातल्या एकताऱ्या त्याच्याचकडे यायच्या. तो वाद्याच्या लाकडाला दात लावून ऐकायचा. तंबोऱ्याचं डोकं चावत बसलेला माणूस पाहून नवखे लोक तोंडाला रुमाल लावायचे. मग तार अशी जुळायची की ते रुमाल गुपचूप खिशात जायचे. कोणाच्या घरी गेला की आधी नळ पिळून पाहायचा, मग पाणी मागायचा. दुसऱ्याच्या घरातली कडी, कोयंडा, प्रेशर कुकरचा दांडा, काहीही सैल दिसलं की ह्याच्या बोटांना चैन पडत नसे. माझ्या बायकोचं त्याबद्दल मत फार चांगलं होतं. आमच्या घरातले सगळे सैल स्क्रू त्यानंच आवळले होते, असं ती चारचौघांत सांगायची.

मी इन्स्पेक्टर झाल्यापासून तो मला साहेब म्हणू लागला. डब्यातली पोळी पुढे करायचा आणि विचारायचा, "काय साहेब, पास का फेल?" चहाचा ग्लास दिला तरी तेच. सगळे हसायचे, मीही हसायचो. पण मी खरोखर तसाच होतो. नग हातात आला की मायक्रोमीटर लावायचा. मापात असला तर टिंब ठोकायचं, नसला तर लाल रंग लावून बाजूला टाकायचा. तो म्हणायचा, "तुझं गेज खरं सांगते बाप्पा, पण लाकडाले विचारलं काय?" सबंध नोकरीत मी न मोजता एकच नग पास केला, आणि तो फॅक्टरीतला नव्हता.

माझी मुलगी तेरा वर्षांची असताना सदर बाजारातल्या तिच्या शाळेत गाणं शिकवणाऱ्या बाई कायमच्या ऑस्ट्रेलियाला निघाल्या. जाताना त्यांनी आपलं युकुलेले हिला दिलं. चार तारांचं, लहान मुलांच्या गिटारीएवढं वाद्य. लाकूड जुनं, आवाज गोड, पण चारपैकी दोन खुंट्या हरवलेल्या आणि दोन चिरलेल्या. चौदा एप्रिलला जयंतीच्या स्टेजवर आपण ह्यावर भीमगीत वाजवणार, असं तिनं वस्तीतल्या कमिटीला परस्पर सांगूनही टाकलं होतं. हातात दीड महिना होता.

"आण इकडे," मी म्हटलं. "हे आपलं काम आहे."

सदरच्या दुकानात गिटारीच्या चक्रीवाल्या चाव्या होत्या. पितळी स्क्रूच्या खुंट्या मिळतील का विचारलं तर दुकानदार म्हणाला, "कलकत्ते से मँगाना पड़ेगा भैया, दो महीने तो समझो." मी चक्रीच्या चाव्या घेतल्या आणि एका रविवारी बसवल्या. काम चोख झालं. फक्त त्या इतक्या जड होत्या की मुलीनं वाद्य हातात धरलं की त्याचं डोकं खाली झुकायचं. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती वाद्य घेऊन त्याच्याकडे गेली.

त्या दिवसापासून आमच्या घरात "काका म्हणाले" सुरू झालं.

काकांनी आधी अंगठा पाहिला. काका म्हणाले, अंगठा लहान आहे पण हट्टी आहे. काका म्हणाले, खुंटी तीन जातींची असते. चक्रीची सोपी, पण ती वजन देते. स्क्रूची दर आठवड्याला पेचकस मागते. लाकडाची रोज तुझा हात मागते. "बोल माय, तुले कोणती पाहिजे?" हिनं लाकडाची सांगितली. मग काकांनी तिला लहानमोठ्या डोक्यांच्या सहा जुन्या खुंट्या दिल्या आणि आठ दिवस दप्तरात ठेवून जमेल तेव्हा पिळत राहायला सांगितलं. आठ दिवसांनी जिचा विसर पडेल ती बरोबर. गणिताच्या तासाला खुंटी पिळताना ती पकडली गेली आणि वर्गाबाहेर उभी राहिली. हेही तिनं हसत सांगितलं. मी शाळेत काय झालं विचारलं की "कुछ नहीं" एवढंच उत्तर मिळायचं.

लाकूडही त्यानं आमच्याच घरातून नेलं. बायकोचं शिसमाचं लाटणं चिरलं होतं. ते मधोमध कापून अर्धं मुलीच्या हाती मागवलं. शिसम वीस वर्षं हातात फिरलेलं आहे, आता ते वाकडं होणार नाही, असं काका म्हणाले. तारेसाठी बारीक छिद्र पाडायला तिला सायकलच्या कॅरिअरवर बसवून सराफ्यात घेऊन गेला. तिथल्या एका सोनाराकडे मोती विंधायचा ड्रिल होता. परतताना दोघांनी जिलेबी खाल्ली. मी तिला कधी सराफ्यात नेलं नव्हतं. तिथे नेण्यासारखं काही असतं हे मला माहीतच नव्हतं.

मला जेवण जाईना. माणसानं बायकोवरून जळावं, बढतीवरून जळावं, मी माझ्या स्वतःच्या पोरीवरून जळत होतो. तिच्या तोंडून त्याचं नाव आलं की घास गिळायला पाणी लागायचं.

मार्चअखेर त्यानं जाडशा चार खुंट्या भोकांत नुसत्या टेकवून वाद्य घरी पाठवलं. अजून कच्च्या होत्या, तारा लावायच्या नव्हत्या. लाकडाला लाकडाची सवय होऊ दे, एप्रिलची हवा कोरडी असते, शेवटी काढून बारीक करू, असं सांगितलं होतं. मी त्या काढून पाहिल्या. माझ्या मायक्रोमीटरवर चौघींचं माप चार तऱ्हेचं आलं. तेव्हा माझ्या मनानं घेतलं की आता दाखवायचंच.

मदन महल स्टेशनजवळ ओळखीच्या एकाचं लहानसं लेथ होतं. लाटण्याचं उरलेलं अर्धं घेऊन मी तीन संध्याकाळी तिथं गेलो. चार खुंट्या काढल्या. टेपर, म्हणजे निमुळता उतार, असा की एक काढावी आणि चारांपैकी कोणत्याही भोकात घालावी. घासून घासून आरशासारख्या केल्या. प्रत्येकीच्या डोक्याखाली गरम सुईनं टिंब टाकलं, माझी पासची खूण. बसवताना प्रत्येक भोकात एक थेंब मशीनचं तेल सोडलं. फिरणाऱ्या वस्तूला तेल द्यायचं, एवढं आमच्याकडे कोणाला शिकवावं लागत नाही.

मुलगी शाळेतून आली. मी तारा चढवून वाद्य तिच्या हातात दिलं. तिनं एक खुंटी फिरवली आणि तिचे डोळे मोठे झाले.

"पप्पा, कितनी स्मूथ! काकांच्या अशा नाही फिरत."

आयुष्यात मला इतकं गोड वाक्य कोणी ऐकवलं नसेल. मी त्याच्या कच्च्या खुंट्या कागदात गुंडाळून तिच्याकडे दिल्या आणि म्हटलं, "ह्या काकांना देऊन ये. आता गरज नाही म्हणावं." तिनं पुडी दप्तरात टाकली, माझ्याकडे न बघता. ते मला दिसलं, पण त्या संध्याकाळी मी फार खुशीत होतो.

सकाळी चारही तारा लोंबत होत्या. तिनं पिळून चढवल्या. हात काढला की खुंटी आपणहून उलटी फिरायची आणि तार सैल पडायची. पुन्हा पिळली, पुन्हा तेच. "दाबून बसव," मी म्हटलं. तिच्यानं होईना तेव्हा मीच दाबली. पहिल्यांदा काही झालं नाही, दुसऱ्यांदा टक् असा आवाज आला आणि भोकापासून वरच्या टोकापर्यंत केसाएवढी चीर गेली. जयंतीला तीन दिवस होते. ती रडली नाही. माझ्या हातातून तिनं वाद्य घेतलं, दप्तर उचललं आणि निघाली. मी तिच्या मागून गेलो, पण अंतर ठेवून.

त्याच्या क्वार्टरपुढे मेंदीचं कुंपण होतं. मी त्याच्या ह्या बाजूला उभा राहिलो. तो व्हरांड्यात बसलेला. त्यानं वाद्य घेतलं, सवयीनं डोक्याला दात लावले आणि लगेच काढले. जीभ ओठांवरून फिरवली. बोट भोकात घालून वास घेतला. मला कळलं की त्याला कळलं.

"काय झालं काका?" मुलीनं विचारलं.

"लाकूड जुनं हाय माय. उन्हानं सुकलं." त्यानं माझी एक खुंटी उपसली आणि उजेडात धरून बराच वेळ फिरवत बसला. "हे तुझ्या बापानं केलं?"

"हो."

"असा टेपर जबलपुरात दुसरा कोणी काढून दाखवो. मले नाही येत."

"मग ह्याच चालतील ना जयंतीला?"

"काहून नाही चालतील? वेळ लागंल. बस तू इथं."

मी तेवढं ऐकलं आणि घरी आलो. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. चूक माझी, ती झाकणारा तो. ह्या माणसाकडे मोठेपणाही माझ्यापेक्षा जास्त होता. पण खोटं कशाला बोलू, सुटल्यासारखंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वाद्य परत आलं. चीर सरसानं भरून वर बारीक दोरा गुंडाळला होता. भोकं थोडी मोठी करून तेलकट लाकूड काढून टाकलं होतं. चार काळ्याभोर शिसमाच्या खुंट्या, प्रत्येकीच्या डोक्याखाली माझं टिंब. पिळून पाहिल्या. हलक्या फिरत होत्या आणि सोडल्या तिथे थांबत होत्या. डोकी जरा लहान वाटली. घासली असतील, म्हटलं. मायक्रोमीटर कपाटात होता, हात लांब केला असता तर मिळाला असता. मी तो काढला नाही.

जयंतीला मी नवा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसलो. मुलगी स्टेजवर आली, माइक खाली ओढला आणि म्हणाली, "हे वाजवण्याच्या आधी मला सांगायचं आहे की ह्याच्या खुंट्या माझ्या पप्पांनी बनवल्या आहेत." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागे कोणीतरी मला दादा म्हणायच्या जबलपुरी थाटात ओरडलं, "क्या बात है बड्डे!" तिनं वाजवलं. एकही तार उतरली नाही. मी मागे वळून त्याला शोधलं. तो मांडवाच्या शेवटच्या बांबूला हनुवटी टेकून, डोळे मिटून उभा होता. स्टेजवरून बांबूंतून जे काही येत असेल ते ऐकत होता.

कार्यक्रम संपल्यावर तो माझ्याकडे आला, माझा अंगठा धरला आणि मुलीच्या हातातल्या वाद्याकडे मान करून म्हणाला, "काय साहेब, पास का फेल?"

"पास," मी छाती काढून म्हटलं.

तो मुलीकडे बघून हसला, मुलगी त्याच्याकडे बघून हसली. मला वाटलं, ती दोघं माझ्या विजयाला हसत आहेत.

पुढची तेवीस वर्षं मी त्याच्यावर जळतच राहिलो, पण एक गोष्ट माझ्याजवळ होती. त्याचे आठ दिवस, त्याचा सराफा, त्याची जिलेबी, सगळं होऊन शेवटी त्या वाद्यावर माझ्या खुंट्या होत्या. मुलगी पुण्याला नोकरीला गेली तेव्हा वाद्य बरोबर घेऊन गेली. तो रिटायर झाला तेव्हा भाषणात त्यानं तेच वाक्य म्हटलं. मी टाळ्या वाजवल्या. आपल्याकडेही काही आहे असं वाटलं की माणूस टाळ्या वाजवू शकतो.

मागच्या वर्षी तो गेला. गर्दी इतकी की रस्ता अडला. त्याही दिवशी माझ्या मनात आलं की आपल्या वेळी एवढे येणार नाहीत. पंधरा दिवसांनी त्याच्या बायकोनं, वहिनींनी, बोलावून घेतलं आणि एक पत्र्याचा जुना डबा हातात दिला.

"हे तुमचं हाय भाऊजी. ते म्हणत, साहेबाचं काम हाय, फेकायचं नाही. दर जयंतीले यातली भुकटी बदलत. म्हणत, तेल गेलं की पोरीले देऊन टाकू."

डबा खडूच्या भुकटीनं भरलेला होता. भुकटी तेलानं अजून पिवळी पडत होती. मी त्यात बोटं घातली आणि चार खुंट्या बाहेर काढल्या. डोक्याखाली टिंब. माझ्या.

घरी येऊन मी मुलीला फोन लावला. तुझ्या वाद्यावरच्या खुंट्या कोणाच्या आहेत, म्हणून विचारलं.

"काकांच्या. तुम्ही परत पाठवलेल्या कच्च्या होत्या ना, पुडीतल्या, त्याच त्यांनी घासून दिल्या. तुमच्यांनी तेल पिलं होतं पप्पा, त्या धरत नव्हत्या."

"अन् त्यावरचं टिंब?"

"ते मीच टाकलं होतं. सुई गरम करून."

इन्स्पेक्टरच्या खुणेची नक्कल म्हणजे आमच्याकडे नोकरी जायची गोष्ट. "त्यानं शिकवलं तुला हे?"

"नाही ना. काका तर म्हणत होते, तुझ्या बापाले सांगून टाक, राग नाही येणार त्याले. मीच नाही म्हटलं."

"काहून?"

"आप भी ना, पप्पा," ती म्हणाली. "तुम्ही पहिल्या रांगेत बसणार होते."

माझी पोरगी तेरा वर्षांची असताना माझ्यासाठी सगळ्या वस्तीसमोर खोटं बोलली होती. इतका मी तिला हवा होतो, हे मला तेव्हा कळलं. त्याला ते तेवीस वर्षं माहीत होतं. मांडवाच्या बांबूला टेकून उभा होता तेव्हाही माहीत होतं. हेव्याचा एवढा एक घास उरला होता, तोही गिळून झाला.

मग उठून कपाटातून मायक्रोमीटर काढला. चारही खुंट्या फडक्यानं पुसल्या आणि एकेक करून मोजल्या. चारही मापात चोख निघाल्या. मी लाल पेन घेतला आणि चारही फेल केल्या.